हात दिला की अनुमोदन

आमच्या गावच्या दूध संस्थेच्या वार्षिक सभेत जाजमावरून उठायला कोणी कोणाला हात देत नाही. बाहेरून आलेल्या माणसाला हा निव्वळ माणुसघाणेपणा वाटतो. गुडघे धरलेली म्हातारी माणसं जमिनीवर तळवे टेकत, कण्हत, शेजाऱ्याच्या खांद्याकडे आशेनं बघत उठायला लागतात आणि नेमक्या त्याच वेळी शेजाऱ्याला छताच्या पत्र्यात काहीतरी पाहण्यासारखं सापडतं. यामागं इतिहास आहे. संस्थेच्या कुठल्याही अहवालात तो छापलेला नाही.

झालं होतं असं. एका सभेत एक म्हातारे सभासद कुठल्याशा ठरावाला विरोध करायला उठत होते. गुडघे साथ देईनात, म्हणून शेजारच्यानं त्यांच्या बगलेत हात घातला. चेअरमन लोडाला टेकून बसले होते. ते हसत म्हणाले, "म्हंजे तुमचं अनुमोदन हाय म्हनायचं का?" विरोध नोंदवायचा तर एक सूचक आणि एक अनुमोदक लागतो, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. शेजाऱ्यानं हात असा काही काढून घेतला, की म्हातारे धपकन खाली बसले आणि त्यांच्याबरोबर त्यांचा विरोधही बसला. लोक हसले, चहा आला, ठराव सर्वानुमते मंजूर झाला. चेअरमन गमतीनं बोलले होते. पण आमच्याकडे चेअरमनची गंमत पुढच्या सभेपर्यंत नियम होते. उठणाऱ्याला हात देईल तो त्याचा अनुमोदक. संस्थेच्या उपविधीत असलं काही नाही, मी स्वतः वाचून बघितलंय. पण उपविधी वाचणारी गावात मी एकटीच, आणि मी सभासद नाही.

मी बीडच्या एका कॉलेजात शारीरिक शिक्षण शिकवते. त्या दुष्काळाच्या काळात माझं पीएच.डी.चं काम चालू होतं. विषय होता उतारवयातली हालचाल, स्नायूंची झीज आणि भर, आणि शरीराचा तोल. आमच्या शास्त्रात एक साधी चाचणी आहे. माणसाला जमिनीवर बसवायचं आणि उठायला सांगायचं. हात टेकला, गुडघा टेकला, कोणाचा आधार घेतला, की गुण कापायचे. माझ्या मार्गदर्शकांना ही चाचणी फार गावठी वाटे. त्यांना तोल मोजायचं यंत्र हवं होतं. त्यावर माणूस उभा राहिला की संगणकावर रंगीत रेघा उमटतात म्हणे. यंत्राची मंजुरी यायची होती, आणि ती येईपर्यंत माणसांनी तोल सांभाळून राहावं अशी विद्यापीठाची अपेक्षा होती. मला मात्र ती चाचणी पहिल्यांदा वाचली तेव्हाच हसू आलं होतं. जगात कुठं तरी विद्वान मंडळी डोकं खाजवून जे मोजायला शिकली, ते आमच्या चेअरमननी एका वाक्यात नियमात बसवलं होतं.

आता आत्याबद्दल. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. तरुणपणीच नवरा गेला आणि ती माहेरी आली. माझे आईवडील गेल्यावर गावच्या घरात तीच उरली. एक गाय, दोन खोल्या आणि तिखट जीभ एवढा तिचा संसार. संस्थेची ती सभासद होती, तीही स्वतःच्या नावानं. शनिवारी कॉलेज सुटलं की मी नेकनूरची बस धरायची, तिथून मिळेल त्या जीपनं गावात जायचं, आणि उंबऱ्यात पाऊल पडायच्या आत आत्यानं म्हणायचं, "आली का पळापळीची मास्तरीन?" मी पळायला शिकवून पगार घेते, ही गोष्ट तिला शेवटपर्यंत खरी वाटली नाही.

आमची वस्ती बौद्धांची. वस्तीच्या आणि धनगरवाडीच्या मधोमध पत्र्याच्या एका खोलीत संस्थेचं उपकेंद्र होतं. सकाळ-संध्याकाळ दोन्हीकडच्या किटल्या तिथं येत आणि दूध एकाच कॅनमध्ये ओतलं जाई. ही खोली आत्यानं भांडून आणली होती. त्याआधी सगळ्यांनी गावातल्या मुख्य केंद्रावर दूध घालायचं, आणि तिथं आमच्या वस्तीचं दूध शेवटी घेत. कोणी तोंडानं 'थांबा' म्हणत नसे, सगळे सुधारलेले लोक. फक्त मापाचा हात आमच्या किटल्यांपर्यंत पोचायला ऊन वर यायचं, आणि उन्हात नासलेलं दूध मग नासलं म्हणून परत मिळायचं. यात जातीचा काही प्रश्नच नव्हता. प्रश्न फक्त उन्हाचा होता. आत्या पाच-सात बायका घेऊन बीडच्या सहकार खात्याच्या पायऱ्यांवर इतक्या वेळा जाऊन बसली, की शेवटी तिथल्या साहेबांनी कंटाळून उपकेंद्र देऊन टाकलं.

त्या दुष्काळात दूध आटलं. निम्मी जनावरं चारा छावणीत गेली आणि छावणी होती चेअरमनच्या रानात. मग सभेच्या विषयांत एक नवा विषय आला, दूध कमी झाल्यामुळे उपकेंद्र तात्पुरतं बंद करणे. आमच्याकडे 'तात्पुरतं' या शब्दाला मोठं आयुष्य लाभतं. तात्पुरता बसथांबा, तात्पुरता पूल, तात्पुरती शाळा, सगळं माझ्या जन्माच्या आधीपासून उभं आहे. आत्याला हे माझ्याहून नीट कळत होतं.

"मी इरोध करनार," ती म्हणाली. "म्या न्हाई त्या रांगेत परत शेवटी उभी ऱ्हानार. लई उभी ऱ्हायले."

आणि हे बोलल्यावर आठवड्याभरातच ती टँकरपाशी पडली. पाइप अंगावर आला म्हणून मागं सरली, ओल्या दगडावरून पाय घसरला आणि घोट्याच्या वर हाड मोडलं. तिला उचलून बीडला कोणी नेलं? चेअरमननी. स्वतःच्या जीपमध्ये घालून, डोकं आपल्या बायकोच्या मांडीवर ठेवून, खड्डा आला की ड्रायव्हरला शिव्या देत. प्लास्टर होईपर्यंत ते दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून राहिले. मला फोन त्यांनीच केला. "मास्तरीनबाई, काळजी करू नका. मोठी आत्याबाई हाय, मोडनार न्हाई." माणूस म्हणून ते वाईट नव्हते, चेअरमन म्हणून होते. हे दोघं एकमेकांना फारसे भेटत नसत.

प्लास्टर निघालं तेव्हा आतून जो पाय बाहेर आला, तो आत्याचा वाटेना. मांडीचं मांस गेलेलं, पोटरी सुकलेली. स्नायू जायला वेळ लागत नाही, यायला लागतो, आणि वय झालं की त्याहून जास्त लागतो. हे मी वर्गात खडूनं फळ्यावर लिहीत आले होते. घरच्या बाजेवर ते असं पसरलेलं बघणं वेगळं. आत्यानं पाय इकडून तिकडून दाबून पाहिला, जमिनीवर बसली, उठायला गेली आणि उठता येईना.

"बसता येतंय, उठता येईना," ती म्हणाली. "चेअरमनला पायजे तसा सभासद झाले की मी."

सभेला अवकाश होता, पण फार नाही. मी म्हणाले, "सभेपर्यंत मी तुला जाजमावरून उठवते."

"तू उठवलीस तर अनुमोदन तुजं. आन तू तर सभासद बी न्हाईस."

"मी हात लावणार नाही. तुझं तूच उठायचं."

"मग तुजा काय उपेग?" आत्यानं विचारलं. माझ्या मार्गदर्शकांनीही इतका नेमका प्रश्न कधी विचारला नव्हता.

त्या वर्षी गावाकडं बघून मला एक गोष्ट प्रकर्षानं जाणवली. दुष्काळ माणसाला बसवतो. रानात काम नाही, विहिरीवर पाणी नाही, जनावरं छावणीत. मग माणसंही छावणीत. जनावरं खुंट्याला आणि माणसं पत्त्यांना. टँकर आला की धावपळ, नाहीतर दिवसभर बसणं. खेड्यातली माणसं काटक असतात असं शहरातले लोक कौतुकानं म्हणतात, त्यांना मी एकदा त्या छावणीत नेऊन चार जणांना उठायला सांगायला हवं होतं. काम सुटलं की काटकपणा कोणाची वाट बघत थांबत नाही. आत्याच्या पायाला प्लास्टर दिसत तरी होतं. बाकीच्या गावाच्या पायात न दिसणारं होतं.

आम्ही वरून खाली यायचं ठरवलं. आधी बाजेवरून उठायचं. ते जमलं की उपकेंद्रातल्या पालथ्या कॅनवरून. कॅन रिकामे होतेच, दुष्काळानं व्यायामाच्या साहित्याची सोय करून ठेवली होती. त्यानंतर पाटावरून आणि मग जमिनीवरून. वजनासाठी किटलीत वाळू भरली, कारण पाणी भरून ती खाली-वर करावी हे त्या वर्षी कोणाला सांगायची सोय नव्हती. तोलासाठी दाराजवळच्या खांबाशेजारी एका पायावर उभं राहायचं, खांबाला हात न लावता, पण लावता येईल इतक्या जवळ.

तोलाचं गणित मी तिला समजावून सांगितलं. डोळे, कानाच्या आतलं तोलाचं इंद्रिय आणि तळपायाला कळणारी जमीन, अशा तिघांच्या जिवावर माणूस उभा असतो. एकाचं काम थंडावलं की बाकीचे दोघं सांभाळून घेतात, कोणी कोणाला बंद करायचा ठराव आणत नाही. आत्या म्हणाली, "म्हंजे खरी सोसायटी हितं हाय."

गल्लीत करमणूक झाली. जाणारा-येणारा थांबून विचारायचा, "आत्याबाई, बगळा झाल्या का?" आत्या एका पायावरून उत्तर द्यायची, "व्हय. मासं हुडकतीय. तुजं तोंड दिसलं." धनगरवाडीतली तिची जुनी मैत्रीण, तीही संस्थेची सभासद, रोज बांधावरून यायची आणि पदर तोंडाला लावून हसायची. काही दिवसांनी तीही बाजेवर टेकून आमच्याबरोबर उठ-बस करायला लागली. आधी चिडवायला, मग गुडघ्याला बरं वाटतं म्हणून.

एका शनिवारी येऊन बघते तर आत्याचा गुडघा सुजलेला. सांगितलं होतं त्याच्या कितीतरी पट उठ-बस तिनं आठवडाभर रोज केली होती. मी भडकले. माझा आवाज मैदानावर कमावलेला आहे, तो धनगरवाडीपर्यंत गेला असणार.

"कावून वरडतीस? कामाला कदी इसावा दिलाय का मी?"

"म्हणून तर सुजलाय! स्नायू उठताना भरत नाही, आत्या. उठताना तो झिजतो. भरतो तो नंतर, तू गप बसलेली असतेस तेव्हा. एक दिवस मेहनत, एक दिवस आराम."

आत्यानं माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं, जणू मी पीएच.डी.चे सगळे पैसे जत्रेत उडवून आलेय. "बसून मानूस मजबूत व्हतो म्हन की. मग आपला चेअरमन हिंदकेसरीच व्हायला पायजे व्हता."

पण आराम केल्यावर सूज उतरली आणि पुढच्या आठवड्यात ती पाटावरून उठली. "तुजं बी कदी कदी खरं निगतं," एवढी दाद मिळाली. मला पुढं पदवी मिळाली तेव्हा झालेला आनंद याच्याहून कमीच होता.

खाण्याचा प्रश्न अवघड होता. मांस भरायचं तर दूध हवं. गाय होती, दूधही होतं, लहानशा किटलीभर. पण संस्थेचा नियम असा, की वर्षभर दूध घालणाऱ्यालाच सभेत बोलता येतं. म्हणजे सभेत बोलायचं तर दूध घालायला हवं आणि सभेत उभं राहायचं तर दूध प्यायला हवं. सहकाराचा पाया किती खोल विचार करून घातलाय हे मला तेव्हा कळलं. आत्यानं एक घोटही घेतला नाही. किटली रोज केंद्रावर जात राहिली.

वाट काढली ती मैत्रिणीनं. तिच्या कोंबड्या होत्या. ती रोज पदरात अंडी घेऊन यायची, मी बीडहून शेंगदाणे आणि फुटाणे आणायचे. दोघी भिंतीला टेकून खात बसायच्या. एकदा खाता खाता ती एकदम म्हणाली, "आक्का, अंडी देईन. पन सभेत हात न्हाई द्यायची मी. आमची समदी जनावरं त्यांच्या छावनीत हायती. उद्या बाहेर काढली तर कुटं नेऊ?"

आत्या म्हणाली, "मी मागितला का?"

"मागू बी नका."

"न्हाई मागत."

मला त्या बाईचा राग आला, आणि कशाचा राग यावा हेही नीट कळेना, कारण तिच्या जागी मी असते तर अंडीसुद्धा आणली नसती. आत्या मात्र शांतपणे सोललेले शेंगदाणे तिच्या हातावर ठेवत होती.

सभेच्या दिवशी पाऊस नव्हताच, नुसतं आभाळ आलं होतं. संस्थेच्या शेडमध्ये जाजम अंथरलेलं, समोर गादी, लोड आणि चेअरमन. चेअरमनच्या पुढ्यात कोणी बसत नसे, सगळे मागं दाटीवाटीनं. आत्या जाऊन थेट पुढ्यात बसली, कारण तिला मागं ऐकू येत नाही असं तिचं म्हणणं. मैत्रीण बाकीच्या बायकांबरोबर पार कडेला. मी सभासद नसल्यानं शेडबाहेर, चहाच्या पातेल्यापाशी.

सचिव एकेक विषय वाचत होते आणि सभा 'मंजूर, मंजूर' म्हणत होती. उपकेंद्राचा विषय त्यांनी जरा घाईनं वाचला. मंजुरीचा पहिला आवाज निघायच्या आत आत्या उठायला लागली.

तिनं पाय जवळ ओढले, अंग पुढं झुकवलं, भार पावलांवर घेतला, आणि उठली. हात टेकला नाही, गुडघा टेकला नाही. सरळ उभी. मला रडू आलं. पातेल्याशेजारी उभी राहून मी रडले आणि चहावाल्यानं मला वाफ लागली असं समजून बाजूला व्हायला सांगितलं.

"माजा इरोध हाय," आत्या म्हणाली. "दूध कमी झालं म्हनून केंद्र बंद करायचं, तर पाऊस कमी झाला म्हनून गाव बी बंद करा."

मागं कोणी तरी हसलं आणि लगेच खोकलं. चेअरमन प्रेमानं म्हणाले, "मुद्दा रास्त हाय, आत्याबाई. अनुमोदन कोन देतंय?"

सगळी सभा पत्र्याकडं बघायला लागली. त्या पत्र्यात काय होतं कोण जाणे.

"अनुमोदन न्हाई. बसा आता. पायाला तरास व्हईल."

"न्हाई बसत."

इथं चेअरमन अडले. बहुमतानं ठराव करून मोकळं होता आलं असतं. पण त्यांच्या सगळ्या कारकिर्दीत प्रत्येक ठराव सर्वानुमते झाला होता, अहवालाच्या पहिल्या पानावर तसं छापलेलं असे. समोर एक बाई विरोध म्हणून उभी असताना 'सर्वानुमते' कसं लिहिणार? ते लोडाला टेकले. "थांबू. घाई काय हाय." म्हातारी बाई, नुकताच जोडलेला पाय. त्यांचा अंदाज चुकीचा नव्हता.

माझ्या चाचणीत उठल्यावर पुढं काय करायचं हे दिलेलं नाही. माणूस उठला की गुण देऊन मोकळं व्हायचं. नुसतं उभं राहणं हे वेगळंच काम आहे. बाहेरून काही दिसत नाही, पण आत पोटरी सारखी ओढते आणि सोडते, माणूस सगळा वेळ पडत असतो आणि सावरत असतो. आत्याच्या पायाची बोटं जाजम धरायला लागलेली मला दिसली. मग घोटा थरथरायला लागला, मग मांडी. बायकांत मैत्रीण मान खाली घालून बसली होती. मला आत जाऊन आत्याला धरावंसं वाटत होतं, आणि धरून उपयोग नव्हता, कारण माझा हात हिशेबातच नव्हता.

आणि गुडघा गेला. आत्या पुढं कोसळली.

चेअरमन गादीवरून अर्धे उठले आणि त्यांनी तिला दोन्ही हातांनी धरलं.

पडणाऱ्याला धरायला हात जातो तो विचारून जात नाही. विचार पोचायच्या आत हात पोचलेला असतो, हा तर माझ्या अभ्यासाचाच भाग. पण मी तो असा कधी पाहिला नव्हता. त्यांच्यातला माणूस त्यांच्यातल्या चेअरमनच्या जरासा आधी पोचला, एवढंच. जीपमधून नेणारा तोच. आत्याचे दोन्ही दंड धरून ते तसेच वाकून उभे होते, आणि सभेत आधी कोणाच्या काही लक्षात आलं नाही. मग मागून एक आवाज आला.

"अनुमोदन मिळालं बे!"

शेडमध्ये एकच हशा फुटला. चेअरमननी हात काढायचा प्रयत्न केला, आत्या कलली, त्यांनी परत धरलं. तेवढ्यात सचिवांनी, बिचारे कामाला फार चोख, पेन उघडून विचारलं, "साहेब, लिहू का?"

चेअरमनचा चेहरा लाल झाला. पण त्यांनी आत्याला सोडलं नाही, हे मला सांगितलंच पाहिजे. तिला नीट खाली बसवलं, आणि म्हणाले, "तहकूब लिवा. पुढच्या सभेत बगू."

केंद्र वाचलं. वस्तीत मुलं नाचली. घरी आल्यावर मी आत्याला मिठी मारायला गेले तर ती भिंतीकडं तोंड करून पडलेली.

"पडले मी," ती म्हणाली.

"अगं, म्हणून तर जिंकलीस!"

"पडून जिंकायला येवडी उठ-बस केली व्हय? पडायला मला आदीच येत व्हतं." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मी तिला तसं कधी पाहिलं नव्हतं, हाड मोडलं तेव्हासुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी चेअरमनचा माणूस एक काठी घेऊन आला. चांगली सागाची, मुठीला पितळ. साहेबांनी आत्याबाईंसाठी पाठवली, सभेला घेऊन यायची, म्हणजे कोणाला त्रास नको. आत्यानं काठी उलटसुलट करून बघितली आणि गायीचा खुंटा हलत होता तिथं ठोकली. गाय तिला बांधलेली असायची आणि पितळ ऊन पडलं की चमकायचं.

पुढच्या वर्षी पाऊस झाला. छावणी उठली, जनावरं घरी आली, किटल्या भरल्या. आत्यानं उठ-बस सोडली नाही. एक दिवस मेहनत, एक दिवस आराम, आता ती मलाच सांगायची. पायात मांस भरलं. सभा जवळ आली तेव्हा ती खांबापासून लांब, डोळे मिटून, एका पायावर उभी राहायची आणि हलायची नाही. विद्यापीठात यंत्र आलं होतं. मला वाटायचं, तिला त्यावर उभी करून त्या रंगीत रेघा सगळ्यांना दाखवाव्यात.

ठराव परत आलाच. दूध कमी झालं म्हणून बंद करायचं होतं ते केंद्र आता दूध वाढलं म्हणून बंद करायचं होतं. मुख्य केंद्रावर दूध गार ठेवायचं मोठं यंत्र बसवणार, तेव्हा सगळं एकाच जागी बरं.

सभेच्या आदल्या दिवशी आत्या अशीच एका पायावर उभी होती. मी कौतुकानं बघत होते. तिनं डोळे उघडले आणि म्हणाली, "लई चांगलं केलंस गं पोरी. आता पडायला जमंना. आता कोन धरंल मला?"

मला हसू आलं, पण ती हसत नव्हती. मी तिला एवढंच म्हणाले, की पाय खाली टेक.

सभेत चेअरमन या वेळी टेबलामागं खुर्चीवर बसले होते, हात पोचणार नाही इतके लांब. ठराव वाचला. आत्या बायकांतून उठली, एका दमात, एखाद्या पोरीसारखी. "माजा इरोध हाय." अनुमोदन कोण देतंय, चेअरमननी विचारलं. लोक पत्र्याकडं बघायला लागले. मी पायाकडं बघत होते. घोटा स्थिर, मांडी स्थिर. इतक्या चांगल्या निकालानं मी इतकी दुःखी कधी झाले नव्हते.

तेव्हा शेजारी बसलेल्या मैत्रिणीनं हात वर केला आणि आत्याचं मनगट धरलं. जनावरं आता तिच्या गोठ्यात होती. पण दुष्काळ परत येणार, छावणी परत लागणार आणि ती कोणाच्या रानात लागणार, हे तिला माहीत होतं, चेअरमनलाही माहीत होतं.

"आक्का, पडाल," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली.

आत्यानं खाली पाहिलं. "पडत न्हाई मी."

"पडाल म्हनते ना!" आणि तिनं दुसराही हात घातला.

सचिवांनी तिचं नाव लिहिलं. संस्थेच्या इतिहासात पहिल्यांदा हात वर करून मतदान झालं, आणि हात कसे मोजायचे ते कोणालाच ठाऊक नसल्यानं ते पुन्हा घ्यावं लागलं. दुसऱ्या मोजणीत ठराव पडला. केंद्र राहिलं, अजून आहे. सगळं संपेपर्यंत मैत्रिणीनं मनगट सोडलं नाही. त्या पायाला आधाराची काहीएक गरज नव्हती, हे मी माझ्या विषयातली जाणकार म्हणून सांगते.